वहिनींची खरवड

आमच्या वहिनी जगातल्या कुठल्याही वस्तूला दोनच प्रश्न विचारतात. तू धुतलेली आहेस का? आणि तुला टाकून द्यायची खरंच गरज आहे का? पहिल्याचं उत्तर काहीही आलं तरी त्या ती वस्तू पुन्हा धुतात, आणि दुसऱ्याचं काहीही आलं तरी ठेवून घेतात. त्यामुळे आमच्या घरात रिकाम्या बाटल्या, बिनझाकणाचे डबे आणि बिनडब्यांची झाकणं यांचा प्रचंड साठा आहे आणि तो सगळा लखलखीत आहे. त्या लग्न होऊन आमच्याकडे आल्या तेव्हा मी शाळेत होतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं दप्तर धुतलं, कंपासपेटीसकट. पुस्तकं आधी बाहेर काढली, हे माझं नशीब की दुर्दैव, ते अजून ठरायचं आहे.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, लिफ्ट दुरुस्त करतो. लग्न ठरताना मुलगी रसायनशास्त्र शिकलेली आहे एवढंच त्याच्या कानावर आलं होतं. त्याला वाटलं, साबणाच्या कारखान्यात असेल. "माझा अंदाज फारसा चुकला नाही," असं तो अजून सांगतो, वहिनी मोरीत असल्या की.

वहिनींनी आधी काही वर्षं शाळेत शिकवलं. मग त्यांची मुलगी, आमची चिमणी, शाळेत जायला लागली तशी त्यांनी जेवताना जाहीर केलं, की मी आता डॉक्टरेट करणार. आई म्हणाली, "कर की. पण आधी भाजी वाढ." एवढ्यावर परवानगी मिळाली. त्या संशोधनासाठी ज्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर पावडरी बनवू लागल्या, तिथेच तळमजल्यावर पुढे मला जंतू वाढवायची नोकरी लागली. यात वशिला नव्हता. पण हे शेजाऱ्यांना पटत नाही आणि मला सिद्ध करता येत नाही.

मी ज्या गावातल्या शाळेत शिकलो तिथलं प्रयोगशाळेचं कपाट तपासनीस आले की उघडायचं आणि ते गेले की बंद व्हायचं. परीक्षानळी ही लांबून नमस्कार करायची वस्तू आहे, अशीच माझी समजूत होती. तेव्हा वहिनींचं काम मी सांगतो ते माझ्या अकलेप्रमाणे.

त्या वलयं बनवतात. अणू हातात हात घालून गोल करून बसतात. गोलात सगळे कार्बनच असले तर ते साधं वलय. त्यात एखादा नायट्रोजन, एखादा गंधक घुसवला की ते विषम वलय. पुष्कळशा औषधांच्या पोटात असं एखादं वलय असतं, म्हणून नवनवी वलयं बांधायची आणि ती जंतूंवर सोडून बघायची, असा हा उद्योग. मला पहिल्यांदा समजावताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या घरात सगळे तुम्हीच तुम्ही होतात तोवर साधं वलय होतं. मी आले आणि विषम झालं."

"मग?"

"मग घराला काही गुण आला."

कागदोपत्री प्रत्येक पावडरीला क्रमांक असतो. टेबलावर मात्र वहिनींनी त्यांना सासरची नावं दिली होती. सहजासहजी कशातच न विरघळणारी पावडर म्हणजे 'चुलतसासरे'. दाराबाहेर वास आला की आत असल्याचं कळायचं, त्या 'आत्येसासूबाई'. बाटली उघडताच हवेतला ओलावा पिऊन जिथे ठेवाल तिथे चिकटून बसायच्या, त्या 'मामेसासूबाई'. दादाच्या वाट्यालाही एक आली होती. तिच्या बाटलीवर नुसतं 'हे' असं लिहिलेलं होतं. रंग नाही, वास नाही, कुणाशी भांडण नाही आणि उपयोगही नाही. दादाला मी हे सांगितलं तेव्हा त्याला रंग नसल्याचं वाईट वाटलं.

आईची तक्रार वेगळी होती. "अख्खं घराणं बाटल्यांत भरलंस. मी कुठे आहे त्यात?"

"तुमच्या नावाला शोभेल अशी अजून झाली नाही, आई."

"म्हणजे चांगली, की वाईट?"

"झाली की सांगते," एवढंच वहिनी म्हणायच्या आणि भांड्यांकडे वळायच्या.

आता माझं काम. काचेच्या बशीत जंतूंच्या खाण्याची खळ ओतायची, ती गोठली की तिच्यावर जंतू पसरायचे. वर कागदाच्या बारीक टिकल्या ठेवायच्या, प्रत्येक टिकलीत एकेक पावडर विरघळवून मुरवलेली. मग बशी रात्रभर उबेत. सकाळपर्यंत जंतू सगळीकडे दाट साय धरतात. एखाद्या टिकलीभोवती मात्र मोकळं, स्वच्छ वर्तुळ दिसलं, तर समजायचं की तिथली पावडर जंतूंना जगू देत नाही. प्रत्येक बशीत एक टिकली नुसत्या द्रावकाची ठेवायची. म्हणजे मारलं ते पावडरीने, की ती ज्यात विरघळवली त्याने, हा घोळ राहत नाही.

रोज सकाळी वहिनी दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून वाकून मला एकच प्रश्न विचारायच्या.

"मेले का?"

"नाही. सगळे सुखरूप आहेत."

"एकसुद्धा नाही?"

"उलट वाढलेत."

दारावरच्या रखवालदाराने हे पुष्कळ दिवस ऐकलं. एकदा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, बाईंच्या माहेरची इस्टेट मोठी आहे का?"

हसण्यावारी नेता येणार नाही अशी गोष्ट एकच होती. वहिनींचे मार्गदर्शक, ज्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणतो, वर्षाअखेरीला निवृत्त होणार होते. सर म्हणजे सडपातळ, कायम स्वतःशी गुणगुणणारा माणूस. खिशात दोन चष्मे, एक हरवला की तो शोधायला दुसरा. वहिनींच्या टेबलाशी येऊन "बाई, काय म्हणतोय स्वयंपाक?" असं विचारायचे. त्यांच्या जागी जे येणार होते त्यांना वलयांत रस नव्हता. त्यांना त्या खोलीत यंत्रं बसवायची होती. म्हणजे सर जायच्या आत प्रबंध झाला तर झाला, नाहीतर नवा मार्गदर्शक, नवा विषय आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"बाई, पावडरी भरपूर झाल्या," सर म्हणाले. "आता त्यातल्या एकीने तरी जंतू मारला पाहिजे. नाहीतर प्रबंधात काय लिहायचं? नुसत्या पाककृती?"

त्या दिवशी जेवताना वहिनी म्हणाल्या, "या वेळी झालं नाही तर मी पुन्हा सुरू करणार नाही. शाळेत परत जाईन." आवाज अगदी शांत होता. दादाचा घास हातातच राहिला. वहिनी ओरडल्या तर आमच्या घरात कुणी लक्ष देत नाही. शांत बोलल्या की सगळे थांबतात.

मग माझ्या नावाची पावडर आली. 'भाऊजी'. हे नाव का, असं मी विचारलंच. "भांड्याच्या बुडाला चिकटून बसते, ढकलल्याशिवाय हलत नाही," हे उत्तर मिळालं. ती करायची म्हणजे आम्लात दोन पदार्थ घालून ठरावीक वेळ तापवायचे आणि वेळेवर उतरवायचे. वेळेवर, हा वहिनींचा खास शब्द. त्यांचं मिश्रण कधी क्षणभर जास्त तापलं नव्हतं. पण त्या दुपारी फ्लास्क नुकताच उकळू लागला होता आणि चिमणीच्या शाळेतून फोन आला. तिच्या नाकात मणी गेला होता.

गेला होता म्हणजे तिने घातला होता. बसतो का, ते बघायला. ही प्रयोगाची हौस तिच्यात कुठून आली, हे आमच्या घरात कुणी विचारत नाही.

दादा कुठल्याशा इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळत होता, त्याचा फोन लागेना. वहिनी अंगात ॲप्रन तसाच ठेवून धावल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरने त्या ॲप्रनकडे बघून "अहो, मग तुम्हीच काढायचा होता की," असं म्हणून घेतलं आणि मणी काढला. वहिनींनी मणी धुतला आणि खिशात ठेवला. चिमणीला घरी आणलं, आईच्या ताब्यात दिलं, पाणी प्यायला भांडं तोंडाला लावलं, आणि मग त्यांना फ्लास्क आठवला.

त्या परत आल्या तेव्हा बाहेर दिवे लागले होते. फ्लास्कमधलं मिश्रण फिकट असायला हवं होतं. ते जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळं झालं होतं. गाळून सुकवलं तर पावडरही पिवळी. वहिनी तिच्याकडे अशा बघत होत्या की जणू पाहुण्यांसमोर आपल्याच पोराने शिवी दिली.

दुसऱ्या दिवशी माझ्या बशीत एक जागा रिकामी पडली, कारण चुलतसासऱ्यांनी ऐन वेळी विरघळायला नकार दिला. मी वर गेलो. "ती पिवळी द्या."

"ती घाण आहे, भाऊजी."

"माझ्याच नावाची आहे ना? मग लाज कसली?"

सकाळी उबेची पेटी उघडली आणि मी बशी दिव्यासमोर धरली. माझ्या नावाच्या टिकलीभोवती वर्तुळ होतं. लख्ख, गोल, डोळे चोळूनही न जाणारं. मी जिन्यात धावलो आणि वर तोंड करून ओरडलो, "वहिनी, मेले!"

रखवालदार खुर्चीत बसला आणि त्याने टोपी काढली.

त्या दिवशी सरांना दोन्ही चष्मे एकाच वेळी सापडले. त्यांनी लगोलग रसायनवाल्यांच्या वार्षिक सभेला कळवून टाकलं, की आमच्या बाई एका नव्या जंतुनाशक संयुगावर बोलतील. घरी आईने शेजारणीला सांगितलं की माझ्या सुनेला औषध सापडलं. "कशावर?" शेजारणीने विचारलं. "सगळ्यावर," आई म्हणाली. आणि मी चार दिवस घरात असा वावरलो की जणू जंतू मीच स्वतः चिरडले होते.

पण वहिनी त्या वहिनी. असली मळकट पावडर घेऊन चारचौघांत जायचं? त्यांनी ती गरम स्पिरिटमध्ये विरघळवली, सावकाश थंड केली, खाली बसलेले स्फटिक गाळून घेतले. पिवळेपणा थोडा राहिला म्हणून पुन्हा तेच. मग समाधानासाठी आणखी एकदा. शेवटी बाटलीत सुयांसारखे पांढरेशुभ्र, चमचमते स्फटिक आले. माझ्या नावाची इतकी देखणी वस्तू मी तोवर पाहिलेली नव्हती.

मी ती बशीत लावली. सकाळी टिकलीच्या कडेपर्यंत जंतू अगदी आरामात पसरले होते. टिकलीला टेकून बसले होते म्हणा ना.

"तुमचे जंतू बदललेत," वहिनी कठड्यावरून म्हणाल्या.

"जंतू तेच आहेत. तुमची पावडर बदललीय."

"बदललेली नाही. सुधारलीय."

"सुधारून कुणाचं भलं झालंय, वहिनी? माझ्याकडे बघा."

"भाऊजी, नीट पुन्हा लावा. गप्पा न मारता."

पुन्हा लावली. काही नाही. वहिनींनी सगळं नव्याने, अगदी घड्याळ लावून, एक क्षणही जास्त न तापवता बनवलं. पावडर थेट पांढरी निघाली. लावली. काहीही नाही. जुनी पिवळी आता उरली नव्हती, कारण ती सगळीच धुतली गेली होती. वहिनींचं कठड्यावरून विचारणं बंद झालं. मीच खालून, न विचारता, मान हलवायचो.

सभा जवळ आली होती. सर टेबलाशी आले, पण स्वयंपाकाचं विचारलं नाही. मी बशा द्यायला वर गेलो होतो, म्हणून ऐकलं.

"बाई, पहिलं वर्तुळ खोटं नव्हतं ना?"

"नव्हतं, सर."

"मग तेवढंच सांगावं. पुढचं पुढे बघता येईल." हे म्हणताना सर चष्मा पुसत होते, आणि तो आधीच स्वच्छ होता.

वहिनींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "सर, वर्तुळ होतं. पण ते केलं कोणी, ते मला माहीत नाही. मी नाव कुणाचं लावू?"

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "हे असं बोलायला मीच शिकवलं का तुम्हाला?"

"हो."

"चुकलंच माझं," सर म्हणाले. त्यांनी वहिनींच्या खांद्यावर हलकेच थोपटलं आणि गेले. बाहेर व्हरांड्यात त्यांचं गुणगुणणं ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो तर दारातच थबकलो. वहिनी कपाट रिकामं करत होत्या.

त्या कपाटाबद्दल सांगायला हवं. पावडर धुताना स्फटिक खाली बसतात आणि वर जो गढूळ द्रव उरतो, त्यात सगळी घाण असते. जगातले लोक तो टाकतात. आमच्या वहिनी तो बाटलीत भरून ठेवायच्या. हळूहळू स्पिरिट उडून जायचं आणि बुडाला खरवड उरायची. दूध आटल्यावर पातेल्याला धरते ना, तशी. प्रत्येक बाटलीवर नीट चिठ्ठी: 'चुलतसासरे – खरवड', 'आत्येसासूबाई – खरवड'. "बाई, हे भांडार हटवा," असं सर कितीतरी दिवस सांगत होते आणि "हो, उद्याच," असं वहिनी तितकेच दिवस म्हणत होत्या. मी त्यांना आयुष्यात एकही बाटली टाकताना पाहिलेलं नव्हतं. आणि आता त्या एकेक उचलून खोक्यात ठेवत होत्या, बघतसुद्धा नव्हत्या. ते बघून मला खरंच भीती वाटली.

"हे काय चाललंय?"

"आवरतेय. जागा दुसऱ्यांना लागणार आहे."

"सभेचं काय?"

"सरांना सांगितलं, नाव काढून घ्या म्हणून."

आता अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला शाळेत शिकवलेलं नाही. मला एक थट्टा तेवढी येते. मी म्हणालो, "तुम्ही धुवून धुवून माझा जीवच काढून घेतलात, वहिनी. पिवळा होतो तेव्हा बरा होतो."

त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मग हातातल्या बाटलीकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे, पण आता राग नव्हता. मी आहे की नाही हेही त्यांना दिसत नसावं.

"पुन्हा बोला."

"काय? गंमत केली हो."

"पिवळा होतात तेव्हा बरे होतात," त्या सावकाश म्हणाल्या. "मग ते पिवळं गेलं कुठे?"

दोघांनी मिळून खोकं उपसलं. 'भाऊजी – खरवड' तळाशी होती, मामेसासूबाईंना चिकटून. बाटलीच्या बुडाला पिवळाजर्द थर होता, चमच्याने खरवडून निघेल असा.

त्या दिवशीच्या बशीत मी सगळं शिस्तीत लावलं. एका टिकलीत नुसता द्रावक, एकीत पांढरे स्फटिक, एकीत खरवड. स्पिरिटचाच गुण निघायला नको म्हणून एक टिकली स्पिरिटची, ती वाळवून. वहिनींनी दोनदा विचारलं, "द्रावकाची ठेवलीत ना?" आणि मी दोनदा सांगितलं, ठेवली.

सकाळी कठड्यावरून हाक आली नाही. मी पेटीशी गेलो तर वहिनी तिथेच उभ्या होत्या. माझ्या खोलीत त्या कधी यायच्या नाहीत; आल्या की हात धुवावेसे वाटतात म्हणायच्या. मी बशी काढून दिव्यासमोर धरली. त्यांनी बोट बशीला न लावता, हवेतच फिरवलं.

"हा नुसता द्रावक?"

"काही नाही."

"स्पिरिट?"

"नाही."

"पांढरे?"

"जंतू मजेत."

"आणि हा?"

याचं उत्तर द्यायची गरज नव्हती. वर्तुळ एवढं मोठं होतं की शेजारच्या टिकलीच्या हद्दीत घुसलं होतं. मी जिन्यात जाऊन ओरडायला निघालो, तर वहिनींनी माझी बाही धरली.

"परत लावा."

"अहो, पण—"

"एकदा नाचून झालंय आपलं. परत लावा."

परत लावलं. वर्तुळ परत आलं. तेव्हा वहिनी बेसिनशी गेल्या आणि बराच वेळ हात धूत राहिल्या. तोंडही धुतलं. मी जंतूंकडे बघत उभा राहिलो, बघायला दुसरं काही सोयीचं नव्हतं.

पुढचं काम पिवळं वेगळं करण्याचं. उभ्या काचेच्या नळीत पांढरी पूड भरायची, वर खरवड विरघळवून ओतायची आणि द्रावक सोडत राहायचं. प्रत्येक पदार्थ आपापल्या चालीने खाली उतरतो. वहिनी स्टुलावर बसून त्या नळीतला पिवळा पट्टा उतरताना बघायच्या. आई चिमणीला बालवाडीत सोडून खिडकीतून बघत बसायची, अगदी तशा. सर येऊन मागे उभे राहायचे. गुणगुणणं परत सुरू झालं होतं. पट्टा खाली आला, वेगळा धरला, यंत्रांवर तपासला, आणि मग कोडं सुटलं. जास्त वेळ तापल्यामुळे थोड्याशा पावडरीत पहिल्या वलयाच्या कुशीत दुसरं वलय जुळलं होतं. दोन वलयं कडेला कड लावून. जंतू मारत होतं ते हे. माझ्या नावाचं पांढरं देखणं वलय नुसतंच बसून होतं.

"म्हणजे सगळं काम त्याने केलं आणि नाव माझं झालं," मी म्हणालो.

"घरातही असंच असतं," वहिनी म्हणाल्या.

पण खरी गंमत त्यानंतर. आता ते पिवळं मुद्दाम, भरपूर बनवायचं होतं. म्हणजे वहिनींना मिश्रण करपेपर्यंत तापवत ठेवायचं होतं. ठरलेली वेळ झाली आणि त्यांचा हात आपोआप बटणाकडे गेला.

"वहिनी, हात मागे."

"हो हो." हात मागे. थोड्या वेळाने फ्लास्कमध्ये पिवळेपणा उतरू लागला तसा त्यांचा जीव वरखाली होऊ लागला. "भाऊजी, हे बघवत नाही हो."

"तिकडे तोंड करून बसा."

"कडेला लागतंय."

"लागू दे."

"असं कुणी पाहिलं तर काय म्हणेल?"

"म्हणतील, बाईंच्या मुलीच्या नाकात पुन्हा मणी गेला."

शेवटी त्या उठून शेजारच्या खोलीत गेल्या आणि तिथली सगळी काचभांडी धुवून काढली. ती त्यांची नव्हतीच. परत आल्या तेव्हा फ्लास्क जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा झाला होता, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या डागाकडे बघून समाधानाने मान हलवली.

सभेच्या यादीतून सरांनी त्यांचं नाव काढून घेतलंच नव्हतं. "विसरलो," म्हणाले. दोन चष्म्यांचा माणूस इतका विसराळू नसतो, पण वहिनींनी विषय वाढवला नाही. त्या उभ्या राहिल्या आणि सरळ सांगितलं, की ज्या पावडरीबद्दल आम्ही कळवलं होतं ती निरुपयोगी आहे, आणि जी घाण म्हणून मी धुऊन टाकली तीच कामाची निघाली. मी मागच्या रांगेत बसलो होतो. समोरच्या रांगेतल्या एका टाय घातलेल्या गृहस्थांनी विचारलं, "जास्त वेळ तापवून पाहण्याची कल्पना तुम्हाला नेमकी कशावरून सुचली?"

"सुचली नाही," वहिनी म्हणाल्या. "माझ्या मुलीच्या नाकात मणी गेला होता."

सभागृह हसलं ते सरळ चहापर्यंत. पण टायवाले गृहस्थ चहाला त्यांच्याशी बराच वेळ बोलत होते, आणि हसत नव्हते.

वाचणाऱ्याने आईसारखं करू नये म्हणून सांगतो: ते औषध नाही. बशीतले काही प्रकारचे जंतू ते मारतं, बाकीचे त्याला जुमानतही नाहीत. "बशी तक्रार करत नाही, माणूस करतो," असं सर म्हणतात. औषध व्हायला अजून फार लांबचा रस्ता आहे आणि बहुतेक पावडरी त्या रस्त्यात कुठेतरी बसून राहतात. पण प्रबंधात लिहायला पाककृतींखेरीज काहीतरी झालं होतं. सर निवृत्त व्हायच्या आधी तो बांधून त्यांच्या टेबलावर गेला. सही करताना त्यांनी एक चष्मा घातला होता आणि दुसरा शोधत होते. जाताना त्यांनी ते कपाट वहिनींच्या नावावर करून नव्या माणसाला बजावलं, की यंत्रं कुठेही बसवा, या बाटल्यांना हात लावायचा नाही.

त्या दिवशी घरी सगळे जेवायला बसलो होतो. वहिनींनी पर्समधून एक छोटी बाटली काढली आणि आईसमोर ठेवली. बाटली धुतलेली होती, आत पावडर नव्हती, नुसता चिमणीच्या नाकातला तो मणी. पावडर घरी आणायची नसते म्हणून. पण चिठ्ठी लावलेली होती आणि तिच्यावर वहिनींच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'आई'.

आईने चष्मा लावून वाचलं. चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाली, "कसली आहे?"

"पिवळी आहे," मी म्हणालो.

"तुला विचारलं नाही. तू बोल गं."

वहिनी म्हणाल्या, "चिवट आहे. वेगळी करायला फार वेळ लागला. आणि खूप तापली की मगच खरी बाहेर येते."

दादा पाणी पिता पिता ठसकला. चिमणीने त्याच्या पाठीवर बुक्क्या मारल्या. आईने वहिनींकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, आणि गंभीरपणे विचारलं, "मारते का पण?"

"मारते."

"मग चालेल," आई म्हणाली, आणि बाटली उचलून फडताळात, देण्याघेण्याच्या भांड्यांच्या वरच्या फळीवर, आपल्या चांगल्या कपांच्या शेजारी ठेवून आली.

तेवढ्यात वहिनी उठल्या. "थांबा आई, ती फळी मी पुसली नाहीये."